जुन्या जीपची व्हिंटेज नोंदणी होईल का?

प्रश्न : आजोबांच्या १९६४ सालच्या जीपचे मूळ पेट्रोल इंजिन काढून वडिलांनी डिझेल इंजिन बसवले, आरसी बुकात मात्र जुनाच इंजिन क्रमांक आहे. अशा गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळेल का?

उत्तर १ : कठीण दिसते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज ठरते खरी. परंतु चासी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आपल्या आड येते.

उत्तर २ : शिवाय नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि गाडी केवळ रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन किंवा दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज शेतावर जायचे असेल, तर हा हौशी खटाटोप कशाला?

उत्तर ३ : आधी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिनबदलाची नोंद आरटीओकडे होऊ शकते का, ते पाहा. चासीवरील गंज हलक्या हाताने काढून क्रमांकाचा पेन्सिल-ठसा (वर कागद ठेवून पेन्सिल घासून) घ्या. तो आरसीशी जुळलाच पाहिजे. मूळ इंजिन गोठ्यात पडून असेल, तर भंगारात मुळीच देऊ नका.