‘कच्चा कैदी’ की ‘न्यायाधीन बंदी’?

अक्षरवेडी: रेजिनाल्ड ड्वेन बेट्स या अमेरिकी कवीवर लेख लिहितेय. सोळाव्या वर्षी गाडी हिसकावल्याबद्दल आत गेला, आठ वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला, पुढे येल विद्यापीठात कायदा शिकला. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून डांबून ठेवलेल्यांच्या दाव्यांचे कागद घेऊन तो ओळीच्या ओळी काळ्या करतो. उरतात त्या शब्दांची कविता. चित्रकार टायटस कफार यांच्यासोबत २०१९ मध्ये न्यूयॉर्कला त्याचं प्रदर्शनही झालं. खटल्याचा निकाल लागण्याआधीच आत असलेल्या अशा लोकांना मी ‘कच्चे कैदी’ लिहिलं, संपादकांनी ‘न्यायाधीन बंदी’ केलं. तुम्ही काय म्हणाल?

मिरजकर: कच्चे कैदीच. माझे मामा तुरुंगात शिपाई होते. नवा माणूस आला की पहिला प्रश्न, “कच्चा का पक्का?” कच्च्याला घरचे कपडे, पक्क्याला तुरुंगाचे. ‘न्यायाधीन’ फक्त कागदावर.

शब्दमित्र: संपादक बरोबर आहेत. कच्चा म्हटलं की पुढे पिकणार हे धरूनच चालतो आपण. गुन्हा कुठे सिद्ध झालाय? २०२२ अखेर आपल्या तुरुंगांत शंभरातले पंचाहत्तर असेच होते. सगळ्यांना ‘कैदी’ म्हणायचं?

मिरजकर: कच्ची पावती, कच्ची नोंद रद्दही होते की! लोकांच्या तोंडातला शब्द कशाला काढायचा?

जुनीवही: ‘जामीन’कडेही बघा. अरबीत तो हमी घेणारा माणूस. ‘मी त्याला जामीन राहिलो’ यात तो अजून आहे. वडील एका गावकऱ्याला जामीन राहिले, तेव्हा सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन दोन दिवस कोर्टात बसले होते. ज्याच्यासाठी सातबारावाला कुणी उभा राहत नाही तो आतच. अमेरिकेत रोकड, इथे जमीन.

अक्षरवेडी: हे लेखात घेते. आणि ओळी काळ्या करण्याला काय म्हणू? ‘खोडणे’ फार साधं वाटतं.

शब्दमित्र: हरताळ फासणे.

मिरजकर: हरताळ म्हणजे संप ना?

शब्दमित्र: तो गुजरातीतून आलेला, हाट म्हणजे बाजार आणि ताळा म्हणजे कुलूप. हा हरताळ पिवळा खनिज रंग. पोथी लिहिताना चूक झाली की त्यावर फासायचे.

जुनीवही: मग इथे नाही चालणार. लेखनिक चूक झाकायचा. हा कवी बरोबर असलेलाच मजकूर झाकतो, आत बसलेला माणूस दिसावा म्हणून.

शब्दमित्र: वाक्प्रचारात चुकीशी असलेला संबंध कधीच सुटलाय. ‘कष्टांवर हरताळ फासला’ म्हणतो, तेव्हा कष्ट चूक असतात का?

जुनीवही: नसतात, पण वाया जातात. इथे काहीच वाया जात नाही. आजोळच्या पोथीत असे पिवळे पट्टे आहेत, रविवारी फोटो टाकते.