डॅफ्निया चाचणी: कंट्रोलमधलीच पिल्लं निश्चल का?

प्रश्न: तांबं डॅफ्नियाला (पाण्यातला पिसवेएवढा कवचधारी जीव) किती विषारी, याची ४८ तासांची चाचणी. कंट्रोलमधल्या (तांबं न घातलेल्या भांड्यांतल्या) २० पैकी ४ पिल्लं निश्चल, काही पृष्ठभागावर तरंगताहेत. निकाल धरावा का?

उत्तर १: नाही. कंट्रोलमध्ये निश्चलांचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं की चाचणी बाद. तरंगताहेत म्हणजे कवचाखाली हवा अडकली आहे. रुंद तोंडाचं पिपेट घ्या, टोक पाण्याखाली बुडवूनच पिल्लं सोडा. पिल्लं २४ तासांच्या आतली हवीत, पहिल्या विणीतली नकोत.

उत्तर २: नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन तपासा. माध्यमात (पिल्लं ठेवायच्या पाण्यात) ईडीटीए हे रसायन नकोच! ते तांब्याला बांधून ठेवतं, मग विषारीपणा कमी दिसतो. पाण्याचा कठीणपणाही नोंदवा. मृदू पाण्यात तेवढंच तांबं जास्त घातक.

प्रश्नकर्ता: निश्चल नेमकं कुणाला म्हणायचं?

उत्तर १: भांडं हलकेच हलवल्यावर १५ सेकंदांत पोहत नाही त्याला. नुसत्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) हलल्या तरी निश्चलच.