अनुभव धागा : स्वतःचे वाहन नसताना साताऱ्यात फिरणे

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले सातारा शहर आटोपशीर आहे. मात्र येथे अंतरापेक्षा चढ अधिक मोजावा लागतो. पाहुणे म्हणून आलेल्यांनी आपण कसे फिरलात, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

पुण्याहून आलेली एक शिक्षिका
एसटीने उतरल्यावर मी सामान निवासस्थानी ठेवले आणि पोवई नाक्यापासून राजपथाने राजवाड्याकडे पायी निघाले. नाक्याखालून ग्रेड सेपरेटर गेला असला, तरी तो वाहनांसाठी आहे. चालणाऱ्याने शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची खूण धरून वरूनच जावे. कमानी हौद आणि मोती चौक पार केल्यावर राजवाडा लागतो. ज्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले, ती तेव्हा या जुन्या राजवाड्यातच भरत असे, आणि केवळ ती वास्तू पाहण्यासाठी मी आले होते. परतताना कर्मवीर पथ, म्हणजे खालचा रस्ता, धरला. जाताना एक रस्ता आणि येताना दुसरा घेतला की निम्मे गाव नजरेखालून जाते. राजवाड्याच्या पश्चिमेला मंगळवार पेठेत आणि चिमणपुऱ्यात मात्र चढ जाणवतो. तेथे रिक्षाच बरी.

मिरजेचे एक प्रवासी
रेल्वेने येणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की स्थानक शहरात नसून माहुलीच्या बाजूला, काही किलोमीटर पूर्वेस आहे. रात्रीच्या गाडीने येणार असाल, तर रिक्षाची सोय आधीच करून ठेवावी आणि भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. परतीच्या दिवशी थोडे लवकर निघाल्यास कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरील संगम माहुलीची मंदिरे त्याच दिशेला पाहून होतात.

वृद्ध आईवडिलांसह आलेली एक वाचक
अजिंक्यताऱ्यावर गाडीरस्ता जातो, त्यामुळे आईबाबांना रिक्षाने वर नेता आले. रिक्षावाल्या काकांशी थांबण्याचे आणि परतीचे आधीच बोलून घेतले होते, कारण वरून परतीचे वाहन मिळेलच असे नाही. तटावरून सारे शहर आणि समोरचा यवतेश्वराचा डोंगर दिसतो. येथील रस्ते कसे चढत-उतरत जातात हे तेथूनच नीट कळते, म्हणून गड पहिल्याच सकाळी करावा असे माझे मत आहे.

शहरातील एक रहिवासी
पाहुण्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की पत्ता विचारताना पेठेचे आणि जवळच्या चौकाचे नाव सांगावे. नुसत्या घरक्रमांकावर कोणी नेमके सांगू शकत नाही. सज्जनगडाचा रस्ता बोगद्यातून जातो, तर कासचा यवतेश्वराच्या घाटाने. दोन्ही दिशा वेगळ्या असल्याने एसटीवर अवलंबून असणाऱ्यांनी ही ठिकाणे एकाच दिवसात बसवू नयेत, आणि शेवटच्या परतीच्या गाडीची वेळ निघण्यापूर्वीच स्थानकावरील चौकशी खिडकीवर विचारून घ्यावी.