मदत हवी आहे: मंडळी सांभाळून ऑनलाइन ईश्वरविज्ञान शिकता येईल का?

सर्वांना सलाम. मी जालना जिल्ह्यात दोन गावांच्या ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) सांभाळतो. सध्या कापूस वेचणी चालू, त्यामुळे प्रार्थनासभा रात्री नऊनंतरच. सगळं सोडून पुण्याला सेमिनरीत (पाळकांचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात) तीन-चार वर्षं राहणं जमणार नाही.

सेरामपूरचा (आपलं नगरचं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं; विल्यम केरी आणि सोबत्यांनी १८१८ मध्ये काढलेलं कॉलेज) बाहेरून करायचा बीसीएस (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) कोर्स कोणी केलाय का? पेपर मराठीत लिहू देतात का?

मागे एका ऑनलाइन कोर्सला पैसे भरले होते. बायबलच्या ग्रीकमधली क्रियापदं सुरू झाली की नेमकी लाइट जायची, आणि शेवटी मिळालेलं सर्टिफिकेट कुठेच चालेना. म्हणून या वेळी आधी मान्यतेचं विचारतोय. रेकॉर्ड केलेले तास मिळत असतील तर फारच बरं.