फर्मवेअर इंजिनीअर शोधतेय : एकतर चार नावं येतात, नाहीतर ऐंशी हजार

नवी_भरती

मंडळी, मदत हवीय. पाच वर्षं एचआरमध्ये काढली, पण ती सगळी रुजू करून घेणं, रजा, पगारपत्रकं या बाजूची. दोन महिन्यांपूर्वी सोर्सिंगला, म्हणजे उमेदवार शोधून काढायच्या कामाला टाकलं. एम्बेडेड फर्मवेअर इंजिनीअरच्या (यंत्राच्या आतल्या चिपवर चालणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या) तीन जागा भरायच्यात. जाहिरातीवर अर्ज आले ते बहुतेक वेब डेव्हलपरचे, म्हणून आता स्वतःच शोधायला बसलेय. बुलियनवरचे (अँड, ऑर, नॉट जोडून शोधायच्या पद्धतीवरचे) तीन व्हिडिओ पाहिले आणि वर्डच्या फाइलमध्ये या स्ट्रिंग, म्हणजे शोधाच्या ओळी, तयार करून ठेवल्या (इथे देवनागरीत लिहितेय, शोधताना अर्थातच इंग्रजीत टाकते) :

लिंक्डइनवर : “एम्बेडेड सी प्रोफिशियन्सी” अँड फर्मवेअर अँड “सी” ऑर “सी++” नॉट मॅनेजर नॉट इंटर्न

गूगलवर : साइट: लिंक्डइन डॉट कॉम/इन फर्मवेअर “एम्बेडेड सी” –जॉब्स

पहिलीला ऐंशी हजारांवर लोक येतात. त्यातला ऑर काढून अँड टाकला तर चार, आणि त्यातले दोन आमच्याच ऑफिसात बसतात. गूगलवर तर निम्म्या नोकरीच्या जाहिरातीच दिसतात. भरीस भर म्हणजे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात लिंक्डइन सांगतं की तुमचा शोधाचा कोटा संपत आला. इंजिनीअरिंगचे साहेब म्हणतात बाजारात माणसंच नाहीत. आमचे साहेब म्हणतात महागडं टूल घेऊ. माझं कुठे चुकतंय?

सूचीकार

ताई, माणसं आहेत. टूल घ्यायच्या आधी हे वाचा.

सोळा वर्षं ग्रंथालयात सूचीकाराचं काम केलं, नंतर या धंद्यात आले. काम तेच आहे, फक्त पुस्तकांच्या जागी माणसं आली. म्हणून आधी किरकोळ दुरुस्त्या सांगते आणि मग मुद्द्यावर येते.

तुम्ही वर चिकटवलेल्या स्ट्रिंग नीट बघा. अवतरणचिन्हं वळणदार आहेत. ती वर्डने केली. लिंक्डइन फक्त सरळ अवतरणचिन्हं ओळखतं. ‘जॉब्स’च्या आधी जी रेघ आहे तीही वर्डने लांब केलीय, गूगलला वगळण्यासाठी साधं वजाचं चिन्ह लागतं, शब्दाला चिकटून. आणि ‘साइट:’ नंतर तुम्ही जागा सोडलीय. तिथे जागा सोडली की ती आज्ञा राहत नाही, नुसता एक शब्द होतो. जाहिराती त्यामुळेच येतायत. यापुढे स्ट्रिंग नोटपॅडमध्ये लिहा, वर्डमध्ये नको.

दुसरं, ऐंशी हजारांचं गणित. लिंक्डइन आधी अवतरण सोडवतं, मग कंस, मग नॉट, मग अँड आणि सगळ्यात शेवटी ऑर. तुमच्या स्ट्रिंगमध्ये कंस नाहीत. त्यामुळे तिचा अर्थ झाला : एकीकडे ‘फर्मवेअरवाले आणि सी (ही प्रोग्रॅमिंगची भाषा) येणारे’, किंवा दुसरीकडे ‘मॅनेजर किंवा इंटर्न नसलेले झाडून सगळे सी++वाले’. फर्मवेअरची अट सी++वाल्यांना लागलीच नाही. ऑरने जोडलेले शब्द नेहमी कंसात घाला. अँड, ऑर, नॉट हे तिन्ही मोठ्या लिपीतच हवेत, आणि तारांकन तिथे चालत नाही, उगाच वापरू नका. गूगलची गोष्ट वेगळी : तिथे अँड लिहावा लागत नाही, नॉटच्या जागी वजा, कंसांची तो फारशी पत्रास ठेवत नाही आणि बत्तीस शब्दांपुढचं वाचतच नाही. म्हणजे एकच स्ट्रिंग दोन्हीकडे चिकटवणं बंद.

आता मुद्दा. ‘एम्बेडेड सी प्रोफिशियन्सी’ हा शब्दप्रयोग कुणाचा? तुमच्या जाहिरातीचा. जगातला कुठलाही फर्मवेअर इंजिनीअर स्वतःबद्दल असं लिहीत नाही. ग्रंथालयात वाचक ‘मधुमेह’ मागायचा आणि पुस्तक ‘डायबिटीस’खाली नोंदलेलं असायचं. वाचक परत जायचा, म्हणायचा तुमच्याकडे पुस्तकच नाही. तुमचे साहेब हेच म्हणतायत. यावर आमच्याकडे उपाय होता ‘हेही पाहा’ असं लिहिलेलं कार्ड. तसं कार्ड तुम्हाला बनवायचंय.

कसं? साहेबांकडे जाऊन ‘स्किल्स काय हवीत’ हे विचारू नका, ते पुन्हा जाहिरातच वाचून दाखवतील. टीममधल्या एखाद्या चांगल्या इंजिनीअरशेजारी अर्धा तास बसा आणि विचारा, गेल्या आठवड्यात काय केलंत? तो म्हणेल, नवीन बोर्ड आलं होतं ते उठवलं (म्हणजे पहिल्यांदा चालू केलं, ‘बोर्ड ब्रिंग-अप’), आय-स्क्वेअर-सीवरचा (ही चिपला सेन्सर जोडणारी ‘बस’) सेन्सर बोलत नव्हता, बूटलोडर (सुरू होताना पहिला धावणारा प्रोग्रॅम) बदलला. ऐकू येईल तो प्रत्येक शब्द टिपून घ्या. कोणती चिप? एसटीएम३२. कोणता प्रोसेसर? कॉर्टेक्स-एम. कोणती आरटीओएस (चिपवरची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम)? फ्रीआरटीओएस की झेफर? ही माणसं चिपची, बसची, आरटीओएसची नावं लिहितात, ‘प्रोफिशियन्सी’ नाही. आणि ‘सी’ हे एकच अक्षर शोधायच्या फंदात पडूच नका. फ्रीआरटीओएस लिहिणाऱ्याला सी येतंच.

मग लिंक्डइनवर : (फर्मवेअर ऑर "बेअर मेटल" ऑर "बोर्ड ब्रिंग-अप" ऑर "डिव्हाइस ड्रायव्हर") अँड (फ्रीआरटीओएस ऑर झेफर ऑर एसटीएम३२ ऑर "कॉर्टेक्स-एम")

गूगलवर छोटे छोटे तुकडे : साइट:लिंक्डइन डॉट कॉम/इन फर्मवेअर झेफर. मग झेफर काढून एसटीएम३२. मग पुढचा शब्द. गूगल वर जो हजारांचा आकडा दाखवतं तो अंदाज असतो, पानं उलटत गेलात तर काही शेकड्यांवर संपतात. म्हणून एका मोठ्या शोधापेक्षा दहा छोटे बरे. आणखी एक, गूगलला प्रोफाइलचा लॉगिनशिवाय दिसणारा भागच दिसतो, त्यामुळे तिथे ठळक मथळ्यात येतील असेच शब्द टाका.

‘नॉट मॅनेजर’ आजच काढा. फर्मवेअरमध्ये ‘मेमरी मॅनेजर’ लिहिणारा माणूसच तुम्हाला हवाय आणि त्यालाच तुम्ही दाराबाहेर ठेवताय. ‘इंटर्न’चंही तेच : ज्याने दोन इंटर्नना शिकवलं तो अनुभवी माणूस गेला. वगळायचे शब्द नेहमी सगळ्यात शेवटी, निकाल डोळ्यांनी बघून मगच.

कोटा दर महिन्याच्या एक तारखेला नव्याने सुरू होतो, तोवर गूगलच्या खिडकीतून बघा. आपोआप प्रोफाइल ओढणारी एक्स्टेन्शन वापरू नका. लिंक्डइनच्या नियमांत ते बसत नाही आणि खातं बंद झालं तर तुमचं होईल, विकणाऱ्याचं नाही.

झटपट_राव

सूचीकारताई, आदर आहेच, पण आता कोण कंस मोजत बसतं? एआयला साध्या भाषेत सांगायचं, यादी हजर. लिंक्डइननेही २०२४ मध्ये हायरिंग असिस्टंट आणलाच ना?

सूचीकार

वापरते की. समानार्थी शब्द सुचवायला मी रोज एआय वापरते. वीस शब्द देतो, त्यातले सहा कामाचे असतात, दोन त्याने मनाने बनवलेले. कुठले दोन, हे इंजिनीअरशेजारी बसल्याशिवाय कळत नाही. आणि यादी त्याच्या हातात सोडायची तर तो कुणाला मागे टाकतोय हेही बघावं लागतं. अ‍ॅमेझॉनने बायोडेटांना गुण देणारी यंत्रणा बनवून पाहिली होती. ती जुन्या, बहुतेक पुरुषांच्याच बायोडेटांवर शिकली आणि ‘विमेन्स’ हा शब्द दिसला की गुण कापायला लागली. शेवटी ती मोडीत काढली, २०१८ मध्ये बातमी आली होती.

बूटलोडर

मी या धाग्यातला शिकार आहे. :) फर्मवेअर लिहितो, आधी बरीच वर्षं स्मार्ट कार्डवर काम केलं. तिथे ‘जावा कार्ड’ नावाचं तंत्रज्ञान असतं. ते प्रोफाइलवर आहे, म्हणून मला बँकांच्या वेबसाइटसाठी जावा डेव्हलपर व्हाल का असे मेसेज येतात. महिन्याला चार-पाच. एकालाही उत्तर देत नाही.

‘फर्मवेअर’ हा शब्द माझ्या प्रोफाइलवर एकदाही नव्हता, हे ताईंचं वाचून आत्ता लक्षात आलं. ‘बोर्ड ब्रिंग-अप’ आहे.

माझ्यासारखे लोक लिंक्डइनवर वर्षातून दोनदा फिरकतात. गिटहबवर (प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात ती साइट) रोज असतो. झेफर ओपन सोर्स आहे, २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे. कुणी कोणता ड्रायव्हर लिहिला, कुणी कुणाच्या चुका काढल्या, सगळं उघड दिसतं. गिटहबवर माणसं शोधताना ‘लोकेशन:’ आणि ‘लँग्वेज:’ चालतं, पण लोकेशन अनेकांनी रिकामं ठेवलेलं असतं आणि ‘लँग्वेज:सी’ म्हणजे समुद्र. त्यापेक्षा तुमची चिप ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे कुणाचे बदल येतात ते बघा. फॉलोअर मोजू नका. आमच्यातल्या उत्तम माणसांना सात फॉलोअर असतात.

आजवर एकाच रिक्रूटरला उत्तर दिलं. तिने लिहिलं होतं : ‘सेन्सर ड्रायव्हरमधला तुमचा टाइमआउटचा बदल पाहिला, आमच्या टीमला नेमकं हेच छळतंय.’ तिला त्यातलं काही कळत नसणार, कुणाला तरी विचारून लिहिलं असणार. पण विचारलं ना!

नवी_भरती

बापरे, वर्डने घात केला! दादा, गिटहबवर ईमेल दिसत नाही बऱ्याच जणांचा. एका व्हिडिओत दाखवलं होतं की कमिटच्या (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या) वेबपत्त्यापुढे काहीतरी जोडलं की ईमेल उघडा पडतो. करू का?

बूटलोडर

नका करू. पडतो उघडा, खरंय, गिट (बदल नोंदवणारं साधन) प्रत्येक कमिटमध्ये ईमेल साठवतं. पण तो मी सहकाऱ्यांसाठी दिलाय. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी गिटहबचा नो-रिप्लाय पत्ता लावलेला असतो, तिथे तुमचं पत्र पोचणारच नाही. ज्यांना माहीत नाही ते भडकतील.

कलमबहाद्दर

नियमाचंही सांगतो. गिटहबच्या वापराच्या अटींमध्ये तिथली माहिती घेऊन न मागितलेले ईमेल पाठवायला स्पष्ट मनाई आहे, आणि ती माहिती रिक्रूटरना विकायलाही. उमेदवार युरोपीय संघातला असेल तर जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, मे २०१८ पासून लागू. त्याचं कलम १४ वाचा : माहिती त्या माणसाकडून न घेता दुसरीकडून घेतली, तर ती कुठून मिळाली आणि कशासाठी ठेवलीय हे त्याला उशिरात उशिरा महिन्याभरात सांगावं लागतं. त्याआधी संपर्क केलात तर पहिल्याच संपर्कात. म्हणून शोधलेली नावं एक्सेलमध्ये वर्षभर साठवू नका. ज्याला लिहायचं नाही त्याची ओळ पुसून टाका.

ज्यांनी स्वतःच्या साइटवर पत्ता उघडपणे दिलाय त्यांना एक नेमकं पत्र लिहायला हरकत नसावी. उत्तर नाही आलं तर एकदा आठवण, मग सोडून द्या.

नवी_भरती

(नऊ दिवसांनी)

कळवायला आले. नोटपॅडमध्ये सगळं नव्याने लिहिलं. टीममधल्या मुलीशेजारी अर्धा तास म्हणून बसले, दीड तास गेला. वहीत एकतीस शब्द जमले. त्यातला ‘वॉचडॉग’ (अडकलेली चिप पुन्हा सुरू करणारं घड्याळ) मला आधी कुत्र्याशी संबंधित वाटला होता, हे तिला सांगितलं नाही. आता लिंक्डइनवर दोनशेच्या आसपास नावं येतात आणि ती वाचून होतात. त्यांतल्या अठरा जणांना लिहिलं, प्रत्येकाला वेगळं, ती मुलगी शेजारी बसून तपासत होती. सात उत्तरं आली. दोघं बोलायला तयार आहेत. तिसऱ्याने ‘मला नको, पण माझ्या मित्राला विचारा’ म्हणून नाव दिलं, आणि त्या मित्राच्या प्रोफाइलवर माझ्या एकतीसमधला एकही शब्द नाही!

सूचीकार

मग काय आहे? तो शब्द लगेच कार्डावर चढवा.

नवी_भरती

‘लो-लेव्हल सॉफ्टवेअर’. चढवला. बत्तीस झाले.