येशूवर विश्वास ठेवला म्हणजे आता यहूदी पण व्हायचं का? पुण्यातल्या विश्वासणाऱ्यांना विचारतेय

नगरची_लेक:

सगळ्यांना सलाम. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं मूळ नगरकडचं, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. मी आणि आई गेली वीस वर्षं पुण्यात. रविवारी चर्चला जातो आणि आठवड्यात एकदा एका घरी प्रार्थनेला बारा-पंधरा जण जमतो, तिथली माणसं खूप प्रेमाची आहेत, बाबा गेले तेव्हा महिनाभर डबा त्यांनीच पोचवला होता, त्यामुळे मी कोणाची चुगली करायला आलेली नाही हे आधीच सांगते.

पण दोन वर्षांपासून तिथे बदल होत गेलाय. आधी एका ब्रदरनी शोफार, म्हणजे यहूद्यांचं मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य, आणला, शनिवारी उपासना सुरू होताना वाजवायला लागले, मला ते आवडलंसुद्धा, अंगावर काटा आला होता. मग शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या, मग वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातून सुटकेच्या आठवणीचं, जेवण, मग खांद्यावर ती झालरीची पांढरी शाल. इथपर्यंत ठीक होतं. आता मात्र सांगतात की नाताळ बंद करा, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा पाळा, डुकराचं मांस सोडा, येशू नका म्हणू, हिब्रूतलं येशुआच म्हणा, आणि जो हे करत नाही तो तारण झालेला असला तरी अजून बाहेरच्या अंगणातच उभा आहे. हे शब्द त्यांचेच, बाहेरचं अंगण.

आई ७४ वर्षांची आहे. त्या दिवशी घरी येताना रिक्षात काहीच बोलली नाही, जिना चढताना मधेच थांबून म्हणाली, मग एवढी वर्षं मी कुठे उभी होते गं? मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून झोप नाही.

दुसरं म्हणजे माझी ऑफिसमधली मैत्रीण बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी यहूद्यांपैकी, आहे, त्यांच्या घरचे रास्ता पेठेतल्या सिनेगॉगला, यहूद्यांच्या प्रार्थनास्थळी, जातात. मी उत्साहात तिला आमच्या प्रार्थनेचा व्हिडिओ दाखवला तर ती गप्पच झाली, वाईट काही बोलली नाही पण विषय बदलला.

तर मला दोन गोष्टी कळायला हव्यात. परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्याने यहूदी रीती पाळायलाच हव्यात का? आणि उलट बाजूने, एखादा यहूदी माणूस येशूला मशीहा मानायला लागला तर तो यहूदी राहतो का नाही? कृपया वचनातून आणि इतिहासातून सांगा, नुसतं "प्रभूकडे सोपवा" नको.

शास्त्रवाचक_खडकी:

ताई, सलाम. आईंना आजच सांगा की त्या आतच होत्या, पहिल्या दिवसापासून. हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये, हा निकाल साधारण इसवी सन ४९ मध्ये यरुशलेमात लागलाय.

एक लक्षात घ्या, सुरुवातीला प्रश्न आजच्या उलटा होता. येशू यहूदी, बारा शिष्य यहूदी, पौल यहूदी, पेन्टेकॉस्टला जमलेले लोक यहूदी. यहूदी माणूस येशूला मानू शकतो का हे कोणी विचारतच नव्हतं, अडचण होती ती बाकीच्यांची. मग कर्नेल्याची गोष्ट झाली, कैसरियातला रोमी शताधिपती, पेत्राचं बोलणं अजून चालूच होतं आणि त्याच्या घरातल्या सगळ्यांवर आत्मा उतरला, सुंता नाही, बाप्तिस्मासुद्धा नंतर. पेत्राबरोबर आलेले यहूदी भाऊ थक्क झाले असं प्रेषितांची कृत्ये १० मध्ये आहे, आणि ते थक्क होणं मला फार महत्त्वाचं वाटतं कारण त्यांच्या डोळ्यांदेखत ठरलं की देव या माणसांना आहेत तसं घेतो.

पुढे १५ व्या अध्यायात काही जण म्हणाले की सुंता आणि मोशेचं नियमशास्त्र याशिवाय तारण नाही. बैठक झाली, पेत्र म्हणाला जे जू आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही पेललं नाही ते यांच्या मानेवर कशाला ठेवता. शेवटी पत्र गेलं त्यात चारच गोष्टी, मूर्तींना वाहिलेलं नको, रक्त नको, गळा दाबून मारलेलं नको, जारकर्म नको. शब्बाथ नाही, सुंता नाही, सण नाहीत. आणि यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याने आमोस संदेष्ट्याचं वचन काढलं त्यात देवाचं नाव घेणारी राष्ट्रं ही राष्ट्रं म्हणूनच येतात, आधी इस्राएल बनून नाही. ग्रीक ग्रीकच राहिला, आणि तो तसाच राहून देवाच्या लोकांत मोजला गेला यातच तर देवाचा मोठेपणा आहे असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पौलाने तीताची सुंता होऊ दिली नाही, तो ग्रीक होता. पण तीमथ्याची केली, त्याची आई यहूदी होती. दोन माणसं, दोन वेगळे निर्णय, एकच पौल. १ करिंथकरांस ७ मध्ये तो सरळ सांगतो की सुंता झालेला असताना बोलावलं गेलं असेल तर ती लपवू नका, झालेली नसेल तर करून घेऊ नका. म्हणजे यहूद्याने यहूदीपण टाकावं असंही त्याने कुठे म्हटलेलं नाही.

आणि ते बाहेरच्या अंगणाचं. यरुशलेमच्या मंदिरात खरोखर तसं अंगण होतं, परराष्ट्रीयांना तिथपर्यंतच परवानगी, पुढे दगडी कठडा आणि त्यावर ग्रीकमध्ये पाटी की परका आत सापडला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. ती पाटी १८७१ मध्ये यरुशलेममध्ये सापडली, आज इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. इफिसच्या त्रफिमाला त्या कठड्याच्या आत नेलं असा खोटा आळ घेऊनच लोकांनी पौलाला मंदिरात धरलं होतं. आणि इफिसकरांस पत्राच्या २ ऱ्या अध्यायात काय लिहिलंय, तर ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली. तुमच्या ब्रदरनी नेमका तोच कठडा परत बांधलाय आणि आईंना त्याच्या बाहेर उभं केलंय. याचं मला फार वाईट वाटलं.

हडपसरकर:

खडकीच्या दादांचं बरोबर आहे पण मला थोडी दुसरी बाजू मांडायचीय, कारण आमच्या घरात पण वल्हांडणाचं जेवण होतं आणि मला त्याची लाज नाही.

मी तीस वर्षं प्रभुभोजन घेतलं पण ते वल्हांडणाच्या रात्रीच्या जेवणातून आलंय हे मला कधी कोणी नीट समजावलंच नव्हतं. बेखमीर भाकर मोडताना ती रात्र डोळ्यासमोर येते, माझ्या मुलांना निर्गम पुस्तक पाठ झालंय. रोमकरांस ११ वाचा, आपण रानटी जैतुनाच्या फांद्या, कलम करून लावलेल्या, मूळ आपल्याला धरून आहे, आपण मुळाला नाही. ख्रिस्ती मंडळीने हे शेकडो वर्षं विसरून यहूद्यांवर जे अत्याचार केले ते वाचताना मान खाली जाते. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर निदान एवढं तरी म्हणत होता की यहूदी विश्वासणारा नियमशास्त्र पाळत असेल आणि दुसऱ्यांवर लादत नसेल तर मी त्याला भाऊ मानतो, पण तेव्हाही मानायला तयार नसलेले ख्रिस्ती होते असं तोच लिहितो. आणि ७८७ च्या निकियाच्या परिषदेत तर ठरलं की जे यहूदी वरवर ख्रिस्ती होऊन गुपचूप शब्बाथ पाळतात त्यांना मंडळीत घेऊच नका. म्हणजे यरुशलेमात परराष्ट्रीयांवर ओझं टाकायचं नाही म्हणून ठरवलं, आणि पुढे परराष्ट्रीय बहुसंख्य झाले तर त्यांनी यहूद्यांवर उलटं ओझं टाकलं, तुम्ही आता यहूदी राहायचंच नाही.

म्हणून मी म्हणतो मूळ ओळखायलाच हवं. पण ताई, कलम केलेल्या फांदीला आंबा हो का जैतून हो असं झाड विचारत नाही, रस मिळतो म्हणून ती जगते. तुमच्या आईंना जे बोललं गेलं ते मात्र चूक, आमच्याकडे कोणी असं बोललं तर मी तिथेच थांबवलं असतं.

रास्तापेठकर:

शालोम. मी विश्वासणारा नाही, बेने इस्राएल आहे, एका मित्राने ही चर्चा पाठवली म्हणून वाचली. ताईंनी मैत्रिणीचं लिहिलंय म्हणून बोलावंसं वाटलं, राग नाही धरायचा.

ती गप्प का झाली असेल हे मी सांगू शकतो. आम्ही शब्बाथला शोफार वाजवत नाही. रोश हशाना, म्हणजे आमचं नववर्ष, ज्याला आमच्या जुन्या माणसांत नव्याचा सण म्हणत, तो शनिवारी आला तर त्या दिवशी शोफार बंद असतो. झालरीची शाल म्हणजे तालित, ती सकाळच्या प्रार्थनेची, शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी खांद्यावर घेऊन बसायचं असं नसतं. आमच्यासाठी ही आज्ञा आहे, वडिलांकडून हातात आलेली, माझ्या वडिलांना त्यांच्या तालितमध्येच पुरलंय. ती दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर सजावटीसारखी दिसली की आत काहीतरी तुटतं. प्रेमाने केलेलं असतं हे कळतं, तरी तुटतं.

आमच्या लोकांना ओळख फुकटात मिळालेली नाही. कोकणात तेल गाळायचो, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली म्हणायचे, बाकी बरंच विसरलो होतो पण शमा ही प्रार्थना, शब्बाथ, सुंता आणि खाण्याचे नियम धरून ठेवले. हिब्रू शिकवायला मिशनरी आले, जॉन विल्सननी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं, आमच्या पणजोबांच्या पिढ्या त्या शाळांत शिकल्या, त्याचे उपकार मानतो, पण धर्म बदलणारे अगदी थोडे निघाले. पुढे इस्राएलला गेलो तर तिथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आमच्या लग्नांवरच शंका घेतली, आमच्या लोकांना यरुशलेममध्ये आंदोलन करावं लागलं तेव्हा १९६४ मध्ये पूर्ण यहूदी म्हणून मान्य झालं. इथे पुण्यात लाल देवळासमोरून, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगसमोरून, जाताना लोक विचारतात हे चर्च आहे का. १८६७ चं आहे, डेव्हिड ससूननी बांधायला घेतलेलं, त्यांची कबर तिथेच आवारात आहे.

आता येशूला मानणारा यहूदी यहूदी राहतो का. मी गुळमुळीत बोलणार नाही, आमच्या समाजाच्या लेखी तो बाहेर गेला. आमच्या धर्मशास्त्रात मात्र आईकडून आलेलं यहूदीपण पाप करूनही पुसत नाही असं धरतात. हा पेच इस्राएलच्या सुप्रीम कोर्टात आला होता, ओस्वाल्ड रुफायसेन म्हणून पोलंडचे यहूदी, महायुद्धात मीर गावातल्या कितीतरी यहूद्यांचे प्राण वाचवले, मग कॅथलिक झाले, ब्रदर डॅनियल म्हणून मठात राहिले, आणि यहूद्यांना इस्राएलचं नागरिकत्व देणाऱ्या परतीच्या कायद्याखाली यहूदी म्हणून नागरिकत्व मागितलं. १९६२ मध्ये कोर्टाने नाही म्हटलं, धर्मशास्त्र काहीही म्हणो, साधा यहूदी माणूस यहूदी कोणाला म्हणतो ते आम्ही बघणार. ते नंतर वेगळ्या मार्गाने नागरिक झाले आणि तिथेच वारले. मला त्या माणसाबद्दल आदर आहे आणि निकालही पटतो, दोन्ही एकदम.

ताई, मैत्रीण तोडू नका. तिच्या घरी नव्याच्या सणाला चिकाचा हलवा करतात का विचारा, ती आनंदाने बोलेल.

घोरपडीचे_आजोबा:

माझं वय ८१, मोबाइलवर बोट हळू चालतं, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळ्यांनी पत्र, परिषदा सांगितल्या. मला अंत्युखियाचं जेवण आठवतं. गलतीकरांस २. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, याकोबाकडची माणसं आली आणि तो ताटावरून उठला, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा उठला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर विचारलं. माझी आजी महारवाड्यातली, बाप्तिस्मा घेतलेली, तिने मला सांगितलं होतं की पहिल्या पिढीत वरच्या जातीतून आलेले काही विश्वासणारे प्रभुभोजनाचा एकच पेला तोंडाला लावायला बिचकायचे, ती पेला पुढे द्यायची तेव्हा समोरच्याच्या हाताकडे बघायची. ती गोष्ट सांगताना ती ९० ची होती आणि तरी तो हात तिला आठवत होता. म्हणून कोणी आतलं अंगण बाहेरचं अंगण म्हटलं की मला ताटावरून उठलेला पेत्र दिसतो.

पण दुसरंही सांगतो. "ख्रिस्तात यहूदी नाही हेल्लेणी (ग्रीक) नाही" हे वचन आम्हाला गप्प करायला पण वापरलंय, आता जात कुठे राहिली, कशाला काढता म्हणून. त्याच वाक्यात पुरुष नाही स्त्री नाही असंही आहे, म्हणून बायका बायका राहिल्या नाहीत का? राहिल्या. भेद गेला म्हणजे मान कमी-जास्त करायचं गेलं, माणूस पुसला गेला नाही. आपल्या पंडिता रमाबाई इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊनही शाकाहारीच राहिल्या, क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती तर म्हणाल्या अक्षरं हवीतच तर संस्कृत का नकोत. आणि त्याच बाईने केडगावला बसून म्हातारपणी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. हिब्रू शिकल्या, पण मराठी बाई म्हणूनच शिकल्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले ते आपण अजून गातो. पोरी, तुझी आई मराठीत प्रार्थना करते ना, येशू म्हणते ना, तो ऐकतो.

नगरची_लेक:

सगळ्यांचं वाचून झालं, काही दोनदा वाचलं. आजोबा, तुमचं आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ती पेल्याच्या गोष्टीपाशी रडली, म्हणाली आमच्याकडे पण असंच होतं, मला हे तिने आजपर्यंत कधी सांगितलं नव्हतं.

परवा प्रार्थनेला कृत्ये १५ पूर्ण वाचायची विनंती केली. वाचलं. एक ब्रदर म्हणाले ते पत्र नवख्या लोकांसाठी होतं, पुढे मोशे शिकायचाच होता, २१ वं वचन बघा. दीड तास बोलणं चाललं, एकमत झालं नाही, एक कुटुंब जरा रागावून लवकर गेलं. पण ज्यांनी अंगणाचं म्हटलं होतं त्यांनी आईचे हात धरून माफी मागितली, ते मनापासून होतं. खडकीचे दादा, त्या २१ व्या वचनाबद्दल तुम्ही काय म्हणता ते लिहाल का, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचं ठरलंय.

रास्तापेठकर, मैत्रिणीला शोफारचं आणि तालितचं सांगून सॉरी म्हटलं. मी हलव्याचं विचारल्यावर तिने आधी हसून घेतलं, मग म्हणाली नारळाच्या दुधात तासन्तास ढवळावं लागतं, ढवळायला येणार असशील तर आदल्या दिवशी ये. आईपण येते म्हणतेय.