'आयरनी'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : अमेरिकन लेखक एडगर अॅलन पोच्या 'द कास्क ऑफ अमाँटिलाडो' (१८४६) या कथेवर लिहितेय. इटलीत ऐन कार्निव्हलच्या धुंदीत मॉन्ट्रेसर ओळखीच्या माणसाला अमाँटिलाडो या दारूच्या नावाने तळघरात नेतो आणि भिंतीत जिवंत चिणतो. त्या माणसाचं नाव फॉर्चुनाटो म्हणजे नशीबवान, अंगात विदूषकाचा ड्रेस, टोपीला घंटा. यातल्या आयरनीला सरसकट 'उपरोध' म्हणू का? पटत नाहीये.

उत्तर : सरसकट नकोच. उपरोध बोलण्यात असतो, मनात एक आणि तोंडात दुसरं. फॉर्चुनाटो म्हणतो मी काही खोकल्याने मरणार नाही, मॉन्ट्रेसर म्हणतो खरंय, आणि वर त्याच्या दीर्घायुष्यासाठी प्याला उचलतो, तिथे उपरोध चपखल बसतो. नावाचं वेगळं, ते कुणी मुद्दाम ठेवलेलं नाही, तो दैवदुर्विलास. पण कार्निव्हलचा सण या दोन्हीत बसत नाही, कारण त्यात दैवाचा हात नाही, मॉन्ट्रेसरने वेळ हेरलेली आहे. नोकरांना सांगतो मी सकाळपर्यंत येत नाही, घर सोडून हलायचं नाही, आणि त्याला पक्कं माहीत असतं की पाठ फिरली की सगळे मजा करायला पळणार. म्हणजे सणच त्याला घर मोकळं करून देतो! 'विपर्यास' म्हणावं तर पेपरांनी तो 'विधानाचा विपर्यास'मध्ये अडकवलाय, म्हणून मी इथे 'विसंगती' लिहीन.

प्रश्न : आणि कार्निव्हलला शिमगा म्हटलं तर?

उत्तर : भाषांतरात नको. तो लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासाच्या, आधीचा सण, गोव्यामुळे आपल्याकडे शब्दही ओळखीचा आहे, कार्निव्हलच ठेव. पण लेखात शिमगा जरूर आण, कारण सण आणि बोंब एकाच शब्दात धरणारा असा दुसरा शब्द मला तरी आठवत नाही. भिंत छातीपर्यंत आल्यावर आतून किंकाळ्या येतात तेव्हा मॉन्ट्रेसर क्षणभर थबकतो, थरथरतो, पण मग फॉर्चुनाटोहून मोठ्याने ओरडतो, आतला गप्प होईपर्यंत. आणि हे सगळं तो सांगतोय पन्नास वर्षांनी, शिमगा गेला तरी कवित्व उरतं ते असं.

फक्त शेवटच्या घंटांना 'छुमछुम' करू नकोस, ती पैंजणांची. मॉन्ट्रेसर हाका मारतो, उत्तर नाही, मग उरलेल्या फटीतून मशाल आत टाकतो, तेव्हा उत्तर म्हणून टोपीच्या घंटांची नुसती किणकिण येते. 'किणकिण'च लिही.